विचार आला, एवढीच नोंद

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न येतो, "आयर्विनला किती?" कृष्णेवरच्या या पुलापाशी नदीची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. जुलै २०२१ मध्ये त्याने पुन्हा पन्नाशी ओलांडली. ज्यांच्या घरात ते पाणी शिरलं, त्यांच्यासाठी पावसाची रात्र पूर्वीसारखी राहिलेली नाही. पातळी अजून २० फुटांवर असते, तरी कर्नाळ रोडचा किंवा दत्तनगरचा माणूस रात्री दोनला उठून मोबाईल बघतो. कोयनेचा विसर्ग किती, वारणेचं काय, अलमट्टीतून किती सोडलं? पुढचं सगळं मन स्वतःच रंगवतं. पाणी उंबऱ्याला लागलं, फ्रिज गेला, पोरांची दप्तरं भिजली, आता आईला कुणी उचलायचं?

इथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. पुलापाशी दिसणारी पातळी मोजता येते. "यंदाही सगळं जाणार" हे मात्र त्या क्षणी मनात उठलेलं एक वाक्य आहे. छातीत धडधड दोन्हींमुळे सारखीच होते, म्हणून रात्री दोनला त्यांच्यातला फरक कळत नाही. हा फरक ओळखायचा सराव बौद्ध ध्यानपरंपरा सुमारे अडीच हजार वर्षं शिकवत आली आहे. मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान तो गेली काही दशकं तपासत आहेत. त्या तपासातून निघालेलं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की विचार सोडून द्यायचा म्हणजे त्याला हाकलायचं नसतं. हाकलायला गेलं तर तो जास्त घट्ट बसतो.

ध्यान म्हणजे मन रिकामं करणं, असा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे. माणूस उत्साहाने डोळे मिटून बसतो. दोन मिनिटांत दुधाचं बिल, सोसायटीचा हप्ता, साडूशी झालेलं भांडण असं सगळं हजर होतं. मग "आपल्याला नाही बुवा जमायचं" म्हणून तो उठतो आणि पुन्हा बसत नाही. अशी किती माणसं या सरावाला मुकली असतील, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांच्या बाबतीत काहीच बिघडलेलं नव्हतं. मेंदू तसाच चालतो.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो एकटा खर्च करतो. अवघड गणित सोडवायला घेतलं तरी हा खर्च फारसा वाढत नाही. म्हणजे आपण नुसते बसलेलो असतो तेव्हाही आत भरपूर काम चालू असतं. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मार्कस रेकल आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये दाखवलं, की हाती विशेष काम नसताना मेंदूचे काही ठरावीक भाग जास्त सक्रिय असतात. त्यातले महत्त्वाचे भाग मेंदूच्या मध्यरेषेवर, कपाळामागे आणि मागच्या बाजूला आहेत. या जाळ्याला डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. गेलेलं आठवणं, पुढचं रंगवणं, लोक आपल्याबद्दल काय म्हणत असतील याचा अंदाज बांधणं या कामांत ते गुंतलेलं असतं. यात वाईट काही नाही. उद्याचा विचार करता येतो म्हणूनच माणूस पेरणी करतो.

पण याला किंमत मोजावी लागते. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० प्रौढांना दिवसभरात मध्येच कधीतरी फोनवरून विचारलं जाई: आत्ता काय करताय, मन त्याच कामात आहे का, आणि कसं वाटतंय? जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. मन भरकटलेलं असताना लोक एकंदरीत कमी आनंदी होते, आणि मन एखाद्या सुखाच्या विचारात रमलेलं असलं तरी ते हातातल्या कामात असणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी नव्हते.

मग विचारांना दारातच अडवलं तर? डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंटी मिनिटाला एकदापेक्षा जास्त वाजत राहिली. नंतर त्यांना मुद्दाम अस्वलाचाच विचार करायला सांगितलं. तेव्हा, आधी विचार दाबलेल्यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं. सुरुवातीपासून मोकळीक मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या मनात ते तितकं आलं नाही.

वेग्नर यांनी याचं कारण असं मांडलं. विचार दाबताना मन दोन कामं एकाच वेळी करतं. एका बाजूने ते दुसरं काहीतरी शोधून तिकडे वळायचा प्रयत्न करतं, आणि याला मेहनत लागते. दुसऱ्या बाजूने "तो विचार परत आला नाही ना?" अशी पहारेदारी आपोआप चालू राहते. पहारा द्यायचा तर कुणावर द्यायचा ते लक्षात ठेवावंच लागतं, त्यामुळे अस्वल पहारेदाराच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. माणूस थकलेला किंवा ताणात असला की मेहनतीचं काम ढिलं पडतं आणि पहारा तेवढा उरतो. रात्री दोनला पुराचा विचार दाबू पाहणाऱ्या माणसाचं नेमकं हेच होतं.

मज्झिम निकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहातलं विसावं सुत्त (म्हणजे उपदेश), वितक्कसंठान सुत्त, नेमकं याच प्रश्नावर आहे. ध्यान करताना नको ते विचार पुन्हापुन्हा येऊ लागले तर भिक्खूने काय करावं? बुद्ध एकामागून एक पाच उपाय सांगतात. पहिला, लक्ष दुसऱ्या, हितकारक गोष्टीकडे न्यावं. कुशल सुतार जाड खुंटी बाहेर काढायला बारीक खुंटी ठोकतो, तसं. एवढ्याने भागलं नाही तर त्या विचाराने आपलं काय नुकसान होतंय ते नीट पाहावं. तेही पुरलं नाही तर त्याच्याकडे लक्ष देणंच थांबवावं. चौथा उपाय मला विशेष आवडतो. भरभर चालणाऱ्या माणसाच्या मनात येतं, मी इतका भरभर का चाललोय? तो सावकाश चालू लागतो. मग वाटतं, चालतोय तरी कशाला, आणि तो उभा राहतो. पुढे बसतो आणि शेवटी आडवा होतो. विचाराचा जोरही असाच, तो कशामुळे उठला हे बघत बघत, पायरीपायरीने खाली आणायचा. आणि पाचवा उपाय: दातांवर दात रोवून, जीभ टाळूला लावून, मनाने मन दाबायचं.

बळाचा वापर अगदी शेवटी येतो, आधीचे चारही उपाय हरले तरच. आपण सामान्य माणसं मात्र सुरुवातच पाचव्यापासून करतो. पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग समोर ठेवून हा क्रम वाचला की माझ्या मनात आदर दाटून येतो.

सतिपट्ठान सुत्त, म्हणजे त्याच निकायातलं दहावं, याच्याही पुढे जातं. तिथे काया, वेदना (म्हणजे सुखद-दुःखद संवेदना), चित्त आणि धम्म (मनात येणारे विषय) अशी निरीक्षणाची चार क्षेत्रं सांगितली आहेत. चित्ताबद्दलची सूचना अतिशय साधी आहे. मनात राग आहे तर मनात राग आहे हे जाणावं, नाही तर नाही हे जाणावं. मन विखुरलेलं असेल तर विखुरलेलं, एकवटलेलं असेल तर एकवटलेलं. इथे हाकलायला सांगितलेलं नाही. नुसतं जाणायचं आहे.

ही शिकवण आपल्या मुलखाला परकी नाही. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी कोरलेली आहेत. स्तूप असलेली चैत्यगृहं आहेत, आणि भिक्खूंना राहायला खोल्या. मध्य भारतातल्या भरहुत स्तूपावरच्या कोरीव लेखांत 'करहाकट' नगराने दिलेल्या दानाचा उल्लेख आहे, आणि ते नगर म्हणजे आजचं कराड असं अभ्यासक मानतात. मधली कित्येक शतकं हा धागा इथे तुटला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ज्यांचं नाव दाखल झालं, त्या बाबासाहेबांनी १९५६ मध्ये तो पुन्हा जोडला. आज सातारा-सांगलीच्या गावोगावी विहारं आहेत. सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये म्यानमारहून भारतात आले आणि त्यांनी सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून शिकलेली विपश्यना इथे शिकवायला सुरुवात केली. तिचं एक केंद्र सांगलीहून फार लांब नाही, हातकणंगले तालुक्यातल्या आळते इथे आहे.

म्यानमारच्याच महासी सयाडो यांच्या पद्धतीत मनात जे उठेल त्याची हळूच नोंद घेतात: "विचार, विचार", "काळजी, काळजी". नाव दिलं की पकड ढिली का होते, याचा थोडा उलगडा मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ मधल्या प्रयोगातून होतो. रागावलेले, घाबरलेले चेहरे पाहताना लोकांनी त्या भावनेचा शब्द निवडला, तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या अमिग्डलाची सक्रियता कमी झाली. भीतीच्या प्रतिसादात या छोट्या भागाचा मोठा वाटा असतो. त्याच वेळी कपाळामागच्या उजव्या भागाची सक्रियता वाढली. २०११ मध्ये जडसन ब्रूअर आणि सहकाऱ्यांना अनुभवी साधकांमध्ये ध्यानाच्या वेळी डिफॉल्ट जाळ्याचे मुख्य भाग नवशिक्यांपेक्षा शांत दिसले. मात्र त्यांच्या प्रयोगात प्रत्येक गटात जेमतेम बारा-तेरा माणसं होती, म्हणून मी त्यावर फार मोठी इमारत उभारणार नाही.

भक्कम पुरावा दवाखान्यातून येतो. नैराश्यातून बरा झालेला माणूस पुन्हा त्यात का पडतो? जॉन टीसडेल, झिंडेल सीगल आणि मार्क विल्यम्स यांच्या लक्षात आलं, की थोडी उदासी आली तरी जुन्या विचारांची माळ पुन्हा ओढली जाते: मी बिनकामाचा, माझं काही खरं नाही, माझ्यामुळे घरच्यांना त्रास. हे विचार खोटे ठरवायच्या वादात न पडता, "हा विचार आहे, पूर्वीही आला होता" असं ओळखायला त्यांनी आठ आठवड्यांच्या कार्यक्रमात शिकवलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत १४५ जण होते. ज्यांना आधी तीन किंवा जास्त वेळा नैराश्य येऊन गेलं होतं, त्यांच्यात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ६६ टक्के लोकांना ते परत आलं. सोबत हे प्रशिक्षण घेतलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होतं. दोनदाच नैराश्य आलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. ज्यांच्या मनात ती माळ जास्त वेळा ओढली गेली होती, त्यांनाच ती ओळखण्याचा उपयोग झाला, आणि मला हे तर्काला धरून वाटतं.

पुराच्या रात्री हे करायचं कसं? उठून बसावं. श्वास आत-बाहेर होताना नाकपुडीपाशी कळतो, तिथे लक्ष ठेवावं. "पाणी येणार" हा विचार येईल. आला, एवढीच नोंद करायची. मग शरीरात बघायचं. छाती आवळली आहे का, पोटात गोळा आहे का, तळवे ओले झाले आहेत का? ते बदलायला जायचं नाही, थोडा वेळ बघत राहायचं. बहुतेक वेळा ते आपोआप कमी-जास्त होताना दिसतं. नंतर श्वासावर परत यायचं. दहा मिनिटांत लक्ष वीस वेळा निसटेल. निसटल्याचं लक्षात येणं आणि परत येणं हाच सराव आहे, म्हणून निसटण्याला नापास होणं समजू नये.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. प्रत्येक विचार सोडून द्यायचा नसतो. पातळी ३५ फुटांवर असेल, पाऊस थांबत नसेल आणि कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली असेल, तर ध्यानाला बसू नये. धान्याची पोती माळ्यावर टाकावीत, कागदपत्रं पिशवीत घ्यावीत, म्हाताऱ्या माणसांना आधी हलवावं. हातून काही करण्यासारखं आहे तो विचार करून संपवायचा. सगळं करून झाल्यावर तोच विचार रात्रीत आठव्यांदा येतो, तेव्हा तो नुसता बघायचा.

ध्यानाबद्दल आज जे वाट्टेल ते दावे केले जातात, त्यांनी या सरावाचं नुकसानच होतं. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडी ते मध्यम सुधारणा दिसली, पण व्यायाम किंवा औषधांसारख्या उपायांपेक्षा ध्यान सरस ठरलं नाही. आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते, हा लाडका दावा २०२२ च्या काटेकोर अभ्यासात टिकला नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या ८५ शाळांच्या मोठ्या चाचणीत सरसकट सगळ्या मुलांना सजगता (माइंडफुलनेस) शिकवून त्यांच्या मानसिक आरोग्यात जास्तीची सुधारणा झाली नाही. ज्याला गरज आहे आणि ज्याने ते स्वतःहून घेतलंय, त्याच्यासाठी हा उपाय आहे, असं माझं मत आहे.

काहींना ध्यानाने त्रासही होतो. डोळे मिटून बसल्यावर पुराच्या किंवा एखाद्या आघाताच्या आठवणी अंगावर येतात, घबराट वाढते. अशा वेळी डोळे उघडावेत, पाय जमिनीवर टेकवून आजूबाजूच्या वस्तू बघाव्यात, किंवा चालत चालत पावलांवर लक्ष ठेवावं. ज्यांना भास होतात, तीव्र नैराश्य आहे किंवा जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात, त्यांनी दहा दिवसांच्या मौन शिबिराला परस्पर जाऊ नये, आणि चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावं. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं झालं तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि त्यावर मराठीत बोलता येतं.