वारली चित्रकला

ठाणे जिल्ह्याच्या आणि त्यातून 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील वारली जमातीची भित्तिचित्रांची परंपरा. डहाणू, तलासरी, जव्हार ही तिची मुख्य क्षेत्रे आता पालघरमध्ये मोडत असली, तरी जुन्या ग्रंथांतून ती ‘ठाणे जिल्ह्यातील कला’ म्हणूनच येते. ठाणे शहराला लागून असलेल्या येऊरच्या जंगलातही वारल्यांचे पाडे आहेत.

नाव व काळ : ‘वारल’ म्हणजे जमिनीचा लहानसा तुकडा, त्यावरून ‘वारली’ अशी एक व्युत्पत्ती देतात. सप्तकोकणांपैकी ‘वरलाट’ या प्रदेशावरून हे नाव आले, असे एकोणिसाव्या शतकातील मिशनरी रेव्हरंड जॉन विल्सन यांचे मत होते. पहिली व्युत्पत्ती जमातीच्या शेतकरी जगण्याशी अधिक जुळते. चित्रांच्या काळाबद्दलचा वाद मोठा आहे. कला-अभ्यासक यशोधरा दालमिया या परंपरेचा धागा इ. स. पू. 2500–3000 पर्यंत मागे नेतात. काहींनी ती इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या सुमारास ठेवली आहे. मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील प्रागैतिहासिक शैलचित्रांशी असलेले साम्य पुष्कळदा पुढे केले जाते. परंतु काडीसारखे हातपाय आणि त्रिकोणी धड ही रूपे दूरदूरच्या समाजांतही स्वतंत्रपणे आढळतात, त्यामुळे केवळ साम्यावरून काळ ठरवणे धोक्याचे. शिवाय ही चित्रे ज्या भिंतीवर काढतात ती पुन्हा पुन्हा सारवली जाते, म्हणून जुना नमुना हाती लागत नाही. लग्नात भिंतीवर चित्र काढण्याचा विधी प्राचीन असावा, आजची रेखनशैली मात्र किती जुनी हे खुले ठेवणेच योग्य.

भिंत व रंग : घराचा कूड कारवीच्या काठ्यांचा. सह्याद्रीच्या उतारांवर साधारण आठ वर्षांनी एकदा फुलणारी ही कारवी. म्हणजे चित्राचा पाठीचा कणाही रानातलाच. कुडाला माती-शेणाने लिंपून वर गेरूचा हात देतात. भिजवून वाटलेल्या तांदळाचे पीठ पाण्यात कालवले की पांढरा रंग तयार होतो; बांबूची काडी टोकाशी चावून तिचा कुंचला करतात. ओली रेघ भिंतीवर नीट दिसतही नाही. वाळत जाते तशी ती पांढरी उमटते. चित्र काढणाऱ्या बाईला आधीची रेघ जवळजवळ आठवणीनेच पुढे न्यावी लागते.

चौक : लग्नघरी सवासिणी चौक, म्हणजे विधीचे चौकोनी भित्तिचित्र, ‘लिहितात’. चौकटीच्या आत पालघट ही सुफलतेची देवी असते. पंचशिऱ्या देवाचा लहान चौक वेगळा. काही चौकांत त्याच्या मानेतून कणसाचे पाच कोंब फुटलेले दिसतात. लग्न लावणारी धवलेरी चौकापुढे गाणी म्हणते. चौकटीबाहेर झाडे, पाखरे, मुंग्या, शिकार, तारपा या फुंकवाद्याच्या नादावर गुंडाळत जाणारा नाच. या चित्रांना क्षितिजरेषा नाही. दुरून न्याहाळायचा देखावा म्हणून निसर्ग येथे कधी येतच नाही. माणूस आणि झाड एकाच मापाच्या रेघेने काढलेले असतात. वाघदेव, पावसाचा नारनदेव, धान्याची कणसरी हे याच रानाचे रहिवासी.

भिंतीवरून कागदावर : 1970 च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, बायकांचे हे काम कागदावर आणण्यात आणि शहरी प्रदर्शनांपर्यंत पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. याच काळात डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे पुढे आले. विधीच्या गरजेवाचून, रोज चित्र काढणारा हा पहिला नामवंत पुरुष चित्रकार. त्यांच्या ‘मासेमारीचे जाळे’ या प्रकारच्या चित्रांत जाळ्याचे असंख्य लहान फासे जवळजवळ सगळा कागद व्यापतात, त्याच्या काठाशी होडी आणि माणसे नखाएवढी दिसतात. जवळ गेल्यावरच कळते की प्रत्येक फासा वेगळा काढलेला आहे. 1989 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 15 मे 2018 रोजी त्यांचे निधन झाले.

2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. कागदावर आता पुरुष चित्रकार पुष्कळ आहेत. चौक लिहिण्याचा मान मात्र परंपरेने सवासिणींचाच, आणि त्यांपैकी फारच थोड्या जणींची नावे ग्रंथांत नोंदली गेली.