वातानुकूलन यंत्रणेची क्षमतानिश्चिती (कोकण किनारपट्टी)

एखाद्या खोलीत किंवा इमारतीत दर तासाला शिरणारी आणि तिथेच निर्माण होणारी उष्णता मोजून, ती बाहेर टाकण्यास पुरेल एवढ्या क्षमतेचे यंत्र ठरविणे म्हणजे वातानुकूलन यंत्रणेची क्षमतानिश्चिती होय. क्षमता ‘टन’ या एककात सांगण्याचा प्रघात बर्फाच्या व्यापारातून आला असून सुमारे 907 किलोग्रॅम बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता काढण्याचा वेग म्हणजे एक टन, अर्थात सुमारे 3.5 किलोवॅट. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीवर हे गणित तापमानापेक्षा हवेतील ओलाव्याने ठरते, आणि घाटमाथ्यावरचे आडाखे येथे फसतात ते याच कारणाने.

मे महिन्यातील दुपारी नागपुरात पारा 43 अंश सेल्सिअसवर आणि सापेक्ष आर्द्रता 20 टक्के असेल, तर रत्नागिरीत तो 33 अंशांवर आणि आर्द्रता 70 टक्के असू शकते. दहा अंशांच्या फरकामुळे नागपूरचा भार, म्हणजे यंत्राने काढायची उष्णता, मोठा वाटतो. परंतु बाहेरची एक किलोग्रॅम हवा खोलीत घेऊन ती 24 अंश तापमान व 55 टक्के आर्द्रतेपर्यंत आणण्यास नागपुरात साधारण 21 किलोज्यूल उष्णता काढावी लागते, तर रत्नागिरीत जवळजवळ 40. रत्नागिरीच्या या आकड्यातील तीन चतुर्थांशांहून अधिक वाटा तापमान उतरविण्याचा नसून बाष्पाचे पाणी करताना सुटणाऱ्या अप्रकट उष्णतेचा असतो. विदर्भात घरोघरी चालणारा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर कोकणात निरुपयोगी ठरतो तोही यामुळेच, कारण बाष्पीभवनाने हवा ज्या आर्द्र-बल्ब तापमानापर्यंत उतरू शकते, ते वरील परिस्थितीत नागपुरात सुमारे 24 अंश, तर किनाऱ्यावर सुमारे 28 अंश असते.

भारगणनेत भिंती, छप्पर व काचा यांतून येणारी उष्णता, माणसे (शांत बसलेल्या व्यक्तीमागे 100 ते 120 वॅट), दिवे व उपकरणे आणि फटींतून शिरणारी हवा यांचा वेगवेगळा हिशेब धरतात. यांपैकी शेवटची बाब कोकणात सर्वांत कमी लेखली जाते. बारा चौरस मीटर क्षेत्रफळाच्या व तीन मीटर उंचीच्या खोलीतील हवा तासातून एकदा जरी बदलली, तरी वरील परिस्थितीत त्या हवेबरोबर सुमारे अर्धा लिटर जादा पाणी आत येते आणि यंत्रावर साधारण 450 वॅटचा भार पडतो. चिऱ्याच्या भिंतींच्या कौलारू घरात कौलांमधून व वाशांच्या पोकळ्यांतून वारा मुक्तपणे खेळतो. नैसर्गिक वायुवीजनासाठी ही रचना उत्तम असली, तरी तक्तपोशी (कौलांखाली फळ्यांचे छत) घालून खोली बंद केल्याखेरीज अशा घरात कितीही टनांचे यंत्र बसविले तरी ते अपुरे पडते.

छपराचा प्रश्न सिमेंटच्या स्लॅबमध्ये अधिक तीव्र होतो, कारण या अक्षांशांवर मे महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. उघड्या स्लॅबचा उष्णतापारण गुणांक (दर चौरस मीटरमधून, दर अंश फरकामागे आरपार जाणारी उष्णता) साधारण 3.3 वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश धरला आणि उन्हासह परिणामी तापमानाचा फरक 25 अंश मानला, तर बारा चौरस मीटरच्या छतातून सुमारे एक किलोवॅट उष्णता उतरते. निवासी इमारतींसाठीच्या ‘इको-निवास संहिता 2018’ने छताच्या या गुणांकासाठी 1.2 ही कमाल मर्यादा दिली असून ती पाळल्यास हाच भार 360 वॅटवर येतो. पावसाच्या भीतीने गच्चीवर घातलेली पत्र्याची शेडही सावलीमुळे भार कमी करते. भारगणनेत तिची दखल क्वचितच घेतली जाते.

राष्ट्रीय इमारत संहिता 2016 नुसार कोकण उष्ण-दमट हवामान विभागात मोडते. इको-निवास संहिता 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी प्रकल्पांसाठी असून या विभागात उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र चटई क्षेत्राच्या (घरातील प्रत्यक्ष वापराच्या जागेच्या) किमान 16.66 टक्के असावे अशी तिची अपेक्षा आहे. शीत विभागासाठी हे प्रमाण 8.33 टक्के आहे. व्यापारी इमारतींना, जोडभार (जोडलेल्या उपकरणांची एकूण वीजक्षमता) 100 किलोवॅट वा करारातील मागणी 120 केव्हीए किंवा अधिक असल्यास, ऊर्जा संवर्धन इमारत संहिता लागू पडते. गावातले सुटे घर मात्र बहुधा या दोहोंच्या कक्षेबाहेर राहते आणि तेथील क्षमता ‘शंभर-सव्वाशे चौरस फुटांना एक टन’ या दुकानी ठोकताळ्याने ठरते.

हा ठोकताळा चुकतो तो बहुधा जादा क्षमतेच्या बाजूने. मोठे यंत्र तापमान झटपट उतरवून थांबते. तेवढ्या वेळात शीतकुंडलावर (हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यावर) जमलेले पाणी नळीवाटे पुरते निचरत नाही आणि पंखा फिरत राहिल्यास पुन्हा हवेत मिसळते. परिणामी खोली थंड परंतु चिकट राहते, भिंतींना व कपाटातील कपड्यांना बुरशी धरते. योग्य क्षमतेचे दीड टनी यंत्र सलग चालताना दमट दिवसात तासाला दोन लिटरच्या आसपास पाणी काढते. वेग कमी-जास्त करणाऱ्या इन्व्हर्टर संपीडकामुळे हा दोष सौम्य होतो, नाहीसा होत नाही. यंत्रावरील तारांकनाची पाटीही येथे अपुरी पडते, कारण तिच्यावर एकूण शीतनक्षमता दिलेली असते. त्यातील किती ओलावा काढण्यात खर्च होते हे तिच्यावरून कळत नाही.

समुद्रालगत खाऱ्या वाऱ्याने बाहेरच्या युनिटच्या ॲल्युमिनियम पात्या झिजतात व यंत्राची प्रत्यक्ष क्षमता घटत जाते. त्यावर उपाय म्हणून टन वाढविण्यापेक्षा गंजरोधक लेप दिलेली कुंडले निवडणे, युनिट वाऱ्याच्या थेट माऱ्यापासून आडोशाला बसविणे आणि ते गोड्या पाण्याने वेळोवेळी धुणे श्रेयस्कर.

तापनयंत्रणेची गरज किनाऱ्यावर जवळजवळ नाही. सुमारे 800 मीटर उंचीवरील माथेरानसारख्या ठिकाणीच हिवाळी रात्रींसाठी तिचा विचार होतो. मासळी व हापूस साठविणाऱ्या शीतगृहांत मालातील उष्णता काढण्याचा भार प्रधान असल्याने त्यांचे गणित स्वतंत्रपणे मांडतात.