उन्हाळ्यात ओव्हरक्लॉक केला की प्रोसेसर जळतो?

‘सोलापूरच्या उन्हात ओव्हरक्लॉक केलास तर प्रोसेसर जळेल,’ हे नवी पेठेपासून अशोक चौकापर्यंत वर्षानुवर्षं ऐकू येतं. ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. पण त्याने तो उन्हात जळतो, हे खरं नाही. खोली ३० वरून ४२ अंशांवर गेली तर प्रोसेसरची चिपही साधारण १२ अंशांनीच चढते आणि मर्यादेला टेकली की आपणहून वेग उतरवते. एएमडीच्या रायझन ७९५०एक्स या प्रोसेसरची ही मर्यादा ९५ अंश आहे. पूर्ण भाराखाली तिथवर जाणं त्याच्या रचनेतच धरलेलं आहे.

खरा घात करतं ते व्होल्टेज. चिप खाते ती वीज साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२५ चे १.४० व्होल्ट केले तर वेग तोच असूनही सुमारे २५ टक्के जास्त! चिप आतून झिजते तीही मुख्यतः यानेच. म्हणून वेग थोडाथोडा वाढवा, व्होल्टेजला हात सगळ्यात शेवटी. प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून तो टिकतो का ते तपासणारा प्रोग्राम) दहा मिनिटं टिकलं म्हणून खूश होऊ नका, काही तास चालू द्या.

आणि सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत राहत असाल तर आधी प्रोसेसरवरचा कूलर उघडून बघा. परवा एका मित्राच्या कूलरच्या पात्यांमध्ये यंत्रमागाचा कापूस वाकळीसारखा दाटून बसला होता. जुन्या टूथब्रशने तो काढला, तर ९५ ला टेकलेला आकडा ८४ वर आला.