आर्ट्स, फाइन आर्ट आणि खैरागडची गाडी

बारावीचा निकाल लागला की नागपुरातल्या घरांत एक घोळ हमखास होतो. पोरगी म्हणते, ‘मला आर्ट्सला जायचंय.’ घरचे समजतात बीए. तिच्या डोक्यात असतं बीएफए, म्हणजे चित्रकलेची पदवी. मग काका विचारतात, ‘काहून, जलमभर चित्रंच काढशील काय?’

या घोळामागे जुनी विभागणी आहे: पदवी विद्यापीठात, कला बाहेर. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, पण गाणं शिकायचं तर बुवांकडेच जायचं. वसंतराव देशपांडे शंकरराव सप्र्यांकडे शिकले ते असेच, आणि पुढे कितीतरी वर्षं त्यांनी संरक्षण खात्याच्या हिशेब कचेरीत कारकुनी केली. परीक्षा द्यायचीच तर गांधर्व महाविद्यालय मंडळाची. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला काढलेल्या विद्यालयातून निघालेला हा धागा. १९३१ पासून मंडळाच्या नावाने चालतो. दिवसा बीकॉम, संध्याकाळी गाण्याचा क्लास आणि शेवटी मंडळाची विशारद परीक्षा. ही जोडगोळी आजही कितीतरी घरांना सगळ्यात सुरक्षित वाटते. खरं सांगायचं तर तिच्यामुळेच पूर्णवेळ पदवीची मागणी मागे राहिली.

चित्रकलेत हेच काम शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा करतात. बाकावर बाटली, तांब्या, दोन कांदे. समोर पोरं पेन्सिल धरून एक डोळा मिटून माप घेताहेत. १९६५ साली स्थापन झालेलं कला संचालनालय या परीक्षा घेतं. ग्रेड मिळाली की दहावीला जादा गुण, आणि बहुतेकांची चित्रकला तिथेच संपते. पूर्वी जे पुढे जात ते एटीडी, म्हणजे कलाशिक्षक पदविका, करून शाळेत ड्रॉइंग मास्तर होत. मुंबईचं जेजे कला महाविद्यालय १८५७ चं. सरकारी कला महाविद्यालयं मात्र राज्यात अजूनही बोटांवर मोजावीत इतकीच. त्यातलं एक, शासकीय चित्रकला महाविद्यालय, नागपुरात आहे. म्हणून बीएफएसाठी सीईटी देणाऱ्या इथल्या मुलाला निदान गाव सोडावं लागत नाही.

गाण्या-नाचात पूर्णवेळ पदवी हवी असली की मात्र बरेच जण हावड्याकडे जाणारी गाडी धरतात. गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, आणि तिथून रस्त्याने खैरागडचं संगीत विद्यापीठ.

१४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख नागपूरकराला सांगावी लागत नाही. त्या दिवशी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. त्याच दिवशी खैरागडला इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचं उद्घाटन झालं. राजा बीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती यांनी अकाली गेलेल्या लेकीच्या, इंदिरेच्या नावाने आपला राजवाडा त्यासाठी दिला. तेव्हा खैरागड ज्या मध्य प्रदेशात होतं त्याची राजधानी नागपूरच होती. अठराव्या दिवशी, १ नोव्हेंबरला, राज्य पुनर्रचना लागू झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, खैरागड पलीकडे राहिलं. २००० पासून ते छत्तीसगडात आहे. आपल्याच राज्यात उघडलेलं संगीताचं विद्यापीठ तीन आठवड्यांच्या आत परप्रांतातलं झालं. तरी नातं तुटलं नाही. संगीतशास्त्रकार भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर सुरुवातीच्या काळात तिथे कुलगुरू होते, म्हणजे मराठी कान तिथे पहिल्यापासून होता.

नाटकवाल्यांची गोष्ट निराळी. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ चं, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ चं. नागपूरच्या पोरांची खरी शाळा भरायची ती हौशी संस्थांच्या तालमीत. ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिणाऱ्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांसारखा माणूस याच गावातून वर आला.

शिवाय पूर्व विदर्भातली झाडीपट्टी, तिथल्या नाटकांसकट, आहेच. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या उभ्या राहतात, गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्री सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं. नागपूरचे नट-नट्या तिथे हंगामाचे पैसे घेऊन काम करतात आणि पदवी कुणी विचारत नाही. अडचण एकच: विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षाही नेमक्या त्याच दिवसांत येतात.