टीम ऑर्डर की फिक्सिंग? दारातली अदलाबदल आणि ओढलेली साखळी

"फिक्सिंग आहे रे सगळं," म्हणत शेजारचे काका उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. जुलै 2024 मधला रविवार, पार्ल्यातली संध्याकाळ, टीव्हीवर हंगेरीची फॉर्म्युला वन शर्यत. शेवटच्या काही लॅप उरल्या असताना पहिल्या नंबरवरच्या लँडो नॉरिसने मुद्दाम वेग कमी केला आणि मागच्या ऑस्कर पियास्त्रीला पुढे जाऊ दिलं. दोघेही मॅक्लारेन या एकाच टीमचे. 2000 साली क्रिकेटमुळे घराघरात पोचलेला तो शब्द काकांच्या तोंडी आला यात नवल नाही. पण शब्द चुकला होता.

लोकलच्या दारात रोज काय चालतं बघा. "कुठे, दादर? मग या पुढे, मला अंधेरी." दोन माणसं जागा बदलतात. डब्यातल्या बाकीच्यांचं काही बिघडत नाही. टीम ऑर्डर म्हणजे एवढंच: एकाच टीमच्या दोन गाड्यांनी आपापसात क्रम बदलणं. आता दुसरं चित्र. गाडी सुटली, मित्र प्लॅटफॉर्मवर धावतोय, म्हणून कुणीतरी साखळी ओढली. मित्र चढला खरा, पण मागच्या तीन गाड्या रखडल्या. फिक्सिंगची जात ही.

साखळी खरोखर ओढली गेली ती 2008 मध्ये, सिंगापूरला. रेनो टीमचा फर्नांडो आलोन्सो 15व्या जागेवरून निघाला होता. त्याला लवकर पिटमध्ये, म्हणजे टायर-इंधनासाठी थांबायच्या जागी, बोलावलं, आणि थोड्याच वेळात त्याचाच जोडीदार नेल्सन पिके ज्युनियर याने ठरल्याप्रमाणे गाडी भिंतीवर घातली. अपघातानंतर सगळ्यांना हळू चालायला लावणारी सेफ्टी कार आली, बाकीच्यांना तेव्हा पिटमध्ये जावं लागलं, आलोन्सोचं थांबणं आधीच उरकलेलं, म्हणून तो पुढे गेला आणि जिंकला. प्रकरण फुटलं वर्षभराने, 2009 मध्ये. टीमचे दोन बडे अधिकारी गेले. आलोन्सोवर ठपका आला नाही.

हंगेरीत यातलं काय होतं? पियास्त्री पुढे होता, पण टीमने नॉरिसला आधी पिटमध्ये घेतलं. आधी नवे टायर मिळणारा त्या एक-दोन लॅपमध्ये वेळ कमावतो, त्यामुळे नॉरिस पुढे निघाला. म्हणजे टीमनेच केलेली उलटापालट टीमने परत फिरवली. पहिल्या नंबरला 25 गुण, दुसऱ्याला 18. क्रम कसाही लावा, मॅक्लारेनचे 43च. तिसऱ्या क्रमांकावरच्याचं काडीचंही नुकसान नाही. आणि टीम आणि ड्रायव्हरचं रेडिओवरचं संभाषण आपण सगळ्यांनी ऐकलं.

म्हणूनच टीम ऑर्डरवर बंदी घाला म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. कुणाला आधी पिटमध्ये घ्यायचं हीसुद्धा ऑर्डरच असते, ती कशी बंद करणार? प्रयोग करून झालाय. 2002 मध्ये ऑस्ट्रियात फेरारीने रुबेन्स बारिकेलोला शेवटच्या सरळ पट्ट्यात मायकेल शूमाकरसाठी बाजूला व्हायला लावलं. 17 पैकी सहावी शर्यत, शूमाकर गुणतक्त्यात आरामात पुढे, तरी! प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. नियमात बसत होतं, पण ओंगळ होतं. दंड झाला तो पोडियमवर, म्हणजे बक्षिसाच्या मंचावर, दोघांनी जागा बदलल्या म्हणून, ऑर्डरसाठी नव्हे. मग 2003 पासून बंदी आली.

बंदीने काय झालं? ऑर्डर सांकेतिक झाली. 2010, हॉकनहाइम. फेरारीच्या फेलिपे मासाला रेडिओवर सावकाश, एकेक शब्द तोडून सांगितलं गेलं की फर्नांडो (तोच आलोन्सो, आता फेरारीत) तुझ्यापेक्षा वेगात आहे, समजलं ना? समजायचं ते मासाला समजलं, त्याने वाट दिली. आपल्याकडे सासूबाई "कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या वाटतं" म्हणतात, त्यातला प्रकार. फेरारीला एक लाख डॉलर दंड झाला, निकाल तसाच राहिला, आणि 2011 पासून बंदी उठली.

माझ्या मते ऑर्डर खुल्या रेडिओवर द्या, प्रेक्षकांना ऐकू द्या, आणि हुर्यो उडवायची तर उडवू द्या. दुसऱ्या टीमची शर्यत बिघडवलीत तर मात्र गय नको. अधेमधे धूसर जागा आहे, हे मान्य: जोडीदाराला मुद्दाम हळू चालवून मागच्यांना अडकवून ठेवणं मला खटकतं, पण भिंतीवर गाडी घालण्याच्या पंगतीत मी ते बसवणार नाही.

काका चहा घेऊन परत आले तेव्हा त्यांना मासाची गोष्ट पूर्ण सांगितली. 2008 च्या त्या सिंगापूरच्या शर्यतीत तो आघाडीवर होता. त्याच सेफ्टी कारच्या वेळी पिटमध्ये गडबड झाली, इंधनाचा पाइप गाडीला अडकलेला असतानाच तो निघाला आणि 13वा आला. त्या वर्षीचं विजेतेपद एका गुणाने हुकलं.

"म्हणजे एकदा परक्यांनी मारलं, एकदा घरच्यांनी," काका म्हणाले. "आणि दोन्ही वेळा जिंकला कोण?"

"आलोन्सो."

काकांनी बशीत चहा ओतला. "मग मासाला विचार जाऊन, फरक काय ते."