शिखरावरची धूळ कुणाची?

1870 मध्ये ग्रीनलंडच्या हिमपठारावर चालताना ध्रुवसंशोधक नोर्डेनशल्डला बर्फात जागोजाग उभी भोके दिसली. आत पाणी आणि तळाशी काळपट भुकटी. ही भुकटी उन्हाने तापते, खालचे बर्फ वितळवते आणि स्वतःच त्यात खोल उतरत जाते. त्याने तिचे नाव ठेवले ‘क्रायोकोनाइट’, म्हणजे थंड धूळ. तिचा काही अंश अंतराळातून आला असावा, असेही त्याला वाटले. जिथे मातीच नाही तिथे धूळ आली कुठून, हा प्रश्न तेव्हापासून उंच पर्वतांनाही विचारला जातो आहे.

या धुळीत मुख्यतः मातीच असते: क्वार्ट्झ, फेल्डस्पार, चिकणमातीची खनिजे, थोडी चुनखडी. सहाराची धूळ पडली की आल्प्सचा बर्फ पिवळसर-तांबूस दिसतो आणि तिच्यातल्या चुनखडीने बर्फातले आम्लही मारले जाते. खरी मेख आहे ती लेशमात्र असणाऱ्या धातूंची.

ती सुटली 1970च्या दशकात. हवा ओढून गाळणकागदावर धूळ धरायची, तो कागद अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ठेवायचा आणि निघणाऱ्या गॅमा किरणांवरून मूलद्रव्ये ओळखायची. मग सगळे अॅल्युमिनिअमशी ताडून पाहायचे. भूकवचात ते सुमारे 8 टक्के असते आणि माणसाच्या धुरात फारसे नसते, म्हणून मोजपट्टी म्हणून चांगले. लोह या पट्टीवर बरोबर बसले, म्हणजे मातीत असते त्याच प्रमाणात निघाले. शिसे या माऱ्याने नीट सापडत नाही, ते वेगळ्या रीतीने मोजावे लागते; ते मात्र दक्षिण ध्रुवावरही मातीच्या हिशेबापेक्षा कितीतरी पटींनी जास्त निघाले. हे प्रदूषण की ज्वालामुखींची वाफ, यावर 1974-75 मध्ये झोलर, ड्यूस आदी शास्त्रज्ञांनी बराच खल केला. 1977 मध्ये बोलिव्हियातल्या चाकाल्ताया पर्वतावरच्या, 5,220 मीटर उंचीवरच्या हवेचे असेच विश्लेषण प्रसिद्ध झाले.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हिमालयातला 1981चा अभ्यास. तिथल्या हवेतले शिसे दूरच्या कारखान्यांचेच असेल, असे कुणीही सहज धरून चालला असता. डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की शिसे व इतर काही मूलद्रव्ये स्थानिक जाळाच्या धुरातूनही येत होती. म्हणजे नुसती पटींची संख्या पुरत नाही. नमुन्याच्या भोवताली काय जळते आहे, हेही पाहावे लागते.

पेरूतल्या क्वेल्काया हिमटोपीत खोल छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या गाभ्यात शोध आणखी मागे जातो. 2015च्या अभ्यासानुसार तिथे 1540च्या सुमारापासून शिशासारखे धातू ठळकपणे वाढलेले दिसतात. स्पॅनिश अमलाखाली आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीला चांदी गाळणाऱ्या भट्ट्यांचा तो धूर होता, औद्योगिक क्रांतीच्या दोनशेहून अधिक वर्षे आधीचा.