सीमधला & तुलनेच्या मागे कसा पडला

शाळेत ‘कंचेभागुबेव’ घोटून घेतलेलं असतं, त्यामुळे बेरीज-गुणाकाराच्या क्रमात सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणारी मुलं सहसा चुकत नाहीत. ती अडतात & या चिन्हापाशी. ते दोन संख्यांच्या बिटांची (०-१ अंकांची) जोडीजोडीने ‘आणि’ करतं, म्हणून १शी केल्यावर एक्सचा शेवटचा बिटच उरतो; सम संख्येत तो ०. संख्या सम आहे का हे पाहायला लिहितात: इफ (एक्स & १ == ०). सीमध्ये == (दोन्ही बाजू समान आहेत का) याचा नंबर & च्या आधी लागतो. म्हणून आधी १ == ० तपासलं जातं, त्याचं उत्तर शून्य (म्हणजे ‘खोटं’), आणि शून्याशी & केल्यावर एक्स काहीही असला तरी शून्यच. अट कधीच खरी होत नाही. एक्स & १ == १ हे तर त्याहून घातक, कारण क्रम चुकूनही उत्तर बरोबर येतं! मग त्याच भरवशावर फ्लॅग & ४ == ४ लिहिलं जातं आणि उजवीकडून तिसऱ्याऐवजी पहिला बिट तपासला जातो.

हा क्रम सीला वारशाने मिळाला. केन थॉम्पसन यांनी बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेत सीच्या आधीची बी ही भाषा केली, तेव्हा तिच्यात && नव्हतंच. एकटा & दोन्ही कामं करायचा: इफच्या अटीत ‘आणि’, इतरत्र बिटांवरची क्रिया. ए == बी & सी == डी अशा अटीत आधी तुलना आणि मग & हाच क्रम सोयीचा होता.

१९७२च्या सुमारास डेनिस रिची सी घडवत होते. अ‍ॅलन स्नायडर यांच्या सूचनेवरून त्यांनी अटींमधल्या ‘आणि’ व ‘किंवा’साठी && आणि || वेगळे काढले. & ला == च्या वर न्यायची संधी तेव्हाच होती, पण आधी लिहिलेला कोड बिघडू नये म्हणून तो जागेवरच ठेवला. तो बदल केला असता तर बरं झालं असतं, असं रिचींनीच १९८२मध्ये लिहिलं. क्रम ठरला त्या वेळी जपायचा कोड होता काहीशे किलोबाइट, तोही जेमतेम तीन ठिकाणी. एवढ्याशा कोडसाठी घेतलेल्या निर्णयाचा भुर्दंड विद्यार्थी अजून भरतात, आणि वर ‘नीट लक्ष दे’ हेही ऐकून घेतात. हे मला अन्यायाचं वाटतं.

सी++, जावा, जावास्क्रिप्ट, पीएचपी यांनी हाच क्रम उचलला. जावात निदान एक्स & १ == ० कंपाइलच होत नाही, कारण पूर्णांक आणि बूलियन (खरं-खोटं) यांची & तिथे चालत नाही. सीचा जीसीसी हा कंपाइलर कंस घालायला सुचवतो, पण वॉर्निंग चालू केल्या असतील तरच.

पायथन, गो आणि रस्टमध्ये & तुलनेच्या आधी येतो. पायथनमध्ये पँडाज ही तक्त्यांसाठीची लायब्ररी वापरताना घोळ उलट्या बाजूने होतो: वय > १८ & गुण < ३५ लिहिलं की आधी १८ & गुण होतं आणि एरर येते. दोन्ही तुलनांना कंस घातले की ओळ चालते.